सगळ्यांची रास मेष

देवळीच्या बसस्टँडसमोर आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर आता माझा मुलगा गजेंद्र बसतो आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला पाण्याचा पितळी गुंड विकला आणि वरून एक गोष्ट फुकट दिली. पुलगावची बस वेळेवर येत नसे, त्यामुळे गोष्टी लांबत गेल्या. यशोदा नदीच्या पुरात वाहून गेलेला माझा कंदील तीन दिवसांनी एका माशाच्या पोटात सापडला आणि तो पेटलेलाच होता, ही त्यातली एक. ‘मग मासा काऊन जळला नाई गा?’ असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, ‘जळला ना. म्हणून तर भाजाचं काम वाचलं.’ लोक हसत, बस येई, माणसं चढून जात. कोणाचं काही बिघडलं नाही.

एका गोष्टीनं बिघडलं. तेही माझ्याच घरात.

ती मी बनवली एका मे महिन्यात, भर दुपारी. बाकड्यावर लग्नाला निघालेली मंडळी घाम पुसत बसली होती आणि विषय निघाला नाडीचा. नवरा-नवरीची नाडी एक निघाली तर लग्न करू नये म्हणतात, ते काऊन, असं एकानं विचारलं. मला काय ठाऊक? पण बाकड्यावर बसून ‘ठाऊक नाही’ म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, तळेगावले एक जोडपं होतं. गुण जुळले, नाडी एक निघाली, तरी लग्न लावलं. झालं असं, की त्यानं भाकर खाल्ली की हिचं पोट भरे. हिनं पाणी पेलं की त्याची तहान भागे. पहिले पहिले मजा वाटली. मग ती म्हणे, तुम्ही जेवा, मले पोचते. तो म्हणे, तू पी, मले पोचते. असं एकमेकावर टाकता टाकता दोघंही उपाशी-तहानलेले तेराव्या महिन्यात गेले. घर अजून तसंच आहे, आणि चुलीवर भाकर.

लग्नाची मंडळी गपगार झाली. मला वाटलं, आजची चांगली जमली.

आता माझी नात प्रेरणा. गजेंद्र आणि शोभाबाईची एकुलती एक. वर्ध्याला पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सी भाषा शिकवते, कॉम्प्युटरची. एकोणतीस वर्षांची. दोन ठिकाणी पाहणं होऊन मोडलं होतं, आणि तिसऱ्यांदा तिनं स्वतःच पाहिलं. जाम गावचा रोशन. हायवेवर त्यांचं ट्रकच्या टायरचं दुकान. पोरगा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, बोलायला कमी, हसायला बरा. तो कॉलेजात कुठल्या कामानं आला होता, तिथं ओळख झाली. एवढ्या वर्षांत घरी फोन आल्यावर ही पोरगी गच्चीवर पळाली असं पहिल्यांदा झालं. मी बाकड्यावरून बघत होतो. मला म्हणाली, “आबा, याच्यावर गोष्ट नका बनवजा.”

“नाई बनवत, बाई.”

दोन्ही घरं राजी होती. राहिला होता फक्त रिवाज. दोघांच्याही जन्मवेळा कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. अशा वेळी नावावरून रास काढतात. नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, त्यावरून नक्षत्र, नक्षत्रावरून नाडी. आणि जानेवारीतल्या एका रविवारी देवळीला आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता. समितीचे अध्यक्ष अण्णाजी म्हणाले, “कायले गुरुजीच्या मागं फिरता? या वर्षी मशीन आहे. तिथंच जुळवून घ्या, मांडवात सगळ्यांच्या समोर.”

मशीन म्हणजे प्रफुलचा लॅपटॉप. हा प्रफुल तहसीलसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देतो. प्रेरणाच्याच हाताखाली शिकलेला. समितीनं सांगितलं म्हणून त्यानं प्रोग्राम लिहिला, दोघांची नावं टाकली की गुण आणि नाडी छापून देणारा. आठवडाभर त्यानं इंग्रजीत नावं टाकून तपासला. पी टाकला की कन्या, आर टाकला की तूळ. बरोबर चालत होता. मेळाव्याच्या आदल्या दिवशी अण्णाजी बघायला गेले आणि भडकले.

“मराठी माणसाचं लग्न अन् नाव इंग्रजीत? पोरगी का लंडनले देऊन राह्यलो आपण? मराठीत कर.”

प्रफुलनं मराठीत केलं.

मेळाव्यात अण्णाजींनी माईकवर नियम सांगितला. चिठ्ठी घडी घालून मिळेल, दोन घरांना दोन. घरच्यांनीच वाचायची, दुसऱ्याला दाखवायची नाही. ज्या पोरीचं जुळलं नाही तिचा बोभाटा व्हायला नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नियम चांगला होता, हे मी आजही म्हणतो.

आमची चिठ्ठी पंगतीत आली. समोर रोशनची आई, आनंदाबाई. पानात बुंदी पडलेली. तिनं त्यांची घडी उघडली, वाचली, परत घातली, कमरेला खोचली. हातातली बुंदी पानात ठेवली.

“आम्ही कळवतो,” म्हणाली आणि पान तसंच सोडून उठली.

शोभाबाईनं आमची घडी उघडली. मी चष्मा लावून वाचलं. वर: मेष रास, अश्विनी नक्षत्र. वधू: मेष रास, अश्विनी नक्षत्र. गुण छत्तीसपैकी अठ्ठावीस. नाडी एक. विवाह वर्ज्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदाबाईचा फोन आला. शोभाबाईनं स्पीकर लावला आणि आम्ही सगळे भोवती बसलो.

“पोरगी गुणाची आहे, त्याच्यात दुमत नाई,” आनंदाबाई म्हणाली. “पण नाडी एक आहे, बाई. मले एकच पोरगा आहे. तुम्ही तळेगावचं ऐकलं नसन. तिथं एक जोडपं होतं. यानं खाल्लं की तिचं पोट भरे…”

शोभाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. फोनमधून माझीच गोष्ट येत होती, भाकरीसकट, तेराव्या महिन्यासकट. शेवटी विहीरही होती, जिचं पाणी त्यानंतर खारट झालं. माझ्या गोष्टीत विहीर नव्हती. कोणीतरी मध्ये जोडली होती, आणि खोटं कशाला बोलू, चांगली जोडली होती.

मी फोनजवळ तोंड नेलं. “आनंदाबाई, मी मोतीलाल बोलतो, पोरीचा आबा. ते जोडपं झालंच नाई. म्या बनवलं ते. माझ्या दुकानासमोर.”

पलीकडून ती म्हणाली, “आबाजी, माझ्या मावशीनं ते घर पाह्यलं आहे.”

फोन ठेवल्यावर शोभाबाई एवढंच म्हणाली, “मामाजी, तुमच्या गोष्टी जेवणाआधी ऐकल्या की पोरगी लहानपणी जेवत नसे. म्या तेव्हाच म्हटलं होतं, बंद करा.”

प्रेरणा रडली नाही. चिठ्ठी हातात घेऊन बसली होती. मग म्हणाली, “आबा, माझी रास मेष कशी? प वरून कन्या येते, हे तर कॅलेंडरवरही छापून असते.”

आम्ही प्रफुलच्या सेंटरवर गेलो. त्यानं मॅडमला पाहून खुर्ची पुसली.

“काल किती जोड्या जुळवल्या, प्रफुल?”

“एकशे बेचाळीस, मॅडम.”

“यादी दाखव.”

यादी स्क्रीनवर आली. नावं वेगवेगळी होती. मयुरी, दिपाली, मोहिनी, श्रावण, मुकेश. नावांसमोर सगळीकडं एकच: मेष, मेष, अठ्ठावीस, नाडी एक. प्रेरणा बोटानं खाली खाली सरकवत गेली. वरपासून खालपर्यंत एकशे बेचाळीस वेळा तेच.

“हे तुले दिसलं नाई?”

“मॅडम, रांग लागलती बाहेर. अण्णाजी मागं उभे. मी छापून घडी घालून राह्यलो होतो.”

तिनं प्रोग्राम उघडला आणि पाचव्या मिनिटाला हात थांबवला. मला कळावं म्हणून मग तिनं सांगितलं, आणि मी भांड्यांचा माणूस असल्यानं डब्यांच्या भाषेत सांगितलं.

“आबा, मशीनमध्ये नाव म्हणजे डब्यांची ओळ. पहिलं अक्षर पाहिजे तर पहिला डबा उघडाचा. हे मीच शिकवलं याले. इंग्रजीत ते बरोबर आहे, एका डब्यात एक अक्षर मावते. मराठी अक्षराले तीन डबे लागतात. अन् पहिल्या डब्यात सगळ्या मराठी अक्षरांचं सारखंच असते. क घ्या, प घ्या, र घ्या, पहिला डबा एकच.”

“म्हणजे कसं?”

ती थोडा विचार करून म्हणाली, “लग्नाची पत्रिका असते ना? प्रत्येकीवर पहिल्या ओळीत श्री गणेशाय नमः. यानं तेवढीच ओळ वाचली अन् नवरदेव कोण ते सांगून राह्यला. तक्त्यात पहिलं नक्षत्र अश्विनी. त्याच्या अक्षराचाही पहिला डबा तोच. मशीन म्हणते, जुळलं. पुढं जातच नाई. म्हणून सगळी देवळी अश्विनी नक्षत्रावर जन्मली.”

प्रफुल खाली बघत होता. “मॅडम, मी पहिलं अक्षर स्क्रीनवर छापून पाह्यलं होतं. तिथं नुसता चौकोन येत होता.”

“मग?”

“चांगलं दिसत नव्हतं. म्हणून ती ओळच काढून टाकली.”

प्रेरणा त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची ओढून घेतली आणि तिथंच दुरुस्त केलं. तीन डबे एकदम वाचायचे, मग पुढची मात्रा. अर्धा तास लागला. मग दोन नावं टाकली. वर: तूळ, स्वाती. वधू: कन्या, चित्रा. गुण एकोणीस. नाड्या वेगळ्या. विवाह योग्य.

“अठ्ठावीसावर मोडलं अन् एकोणीसावर जुळलं,” मी म्हटलं. “माझ्या गोष्टीतही असं होत नाई.”

“यादी छाप,” ती प्रफुलला म्हणाली. “आनंदाबाईले दाखवते. सगळ्यांचीच एक नाडी आहे हे पाह्यलं की समजन त्यांना.”

प्रफुलनं आधी अण्णाजींना फोन लावला. ते पंधरा मिनिटांत स्कूटरवर हजर. यादी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही, तुम्ही म्हणाल म्हातारा वाढवून सांगतो. त्यांच्या नातवाचं नाव त्यात होतं.

“ही यादी बाहेर जाणार नाई,” ते म्हणाले. “लोकांना शब्द देला आहे माईकवर. पोरीबाळींची नावं आहेत याच्यात.”

“काका, सगळ्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत,” प्रेरणा म्हणाली. “सगळ्यांना सांगाले पाहिजे.”

“अन् काय सांगू? अध्यक्षानं मराठीत करा म्हटलं म्हणून मशीन बिघडली?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “बेटा, ज्याचं जुळाचं असन त्याचं जुळते. प्रफुल, पुसून टाक.”

प्रफुलनं मॅडमकडं बघितलं, अण्णाजींकडं बघितलं आणि पुसून टाकलं. त्याच्या सेंटरला समितीचे सगळे फॉर्म येतात.

मी म्हटलं, यादी गेली तर गेली, चिठ्ठ्या तर घराघरात आहेत. दोन-चार गोळा केल्या तरी काम होईल. मी काठी घेतली आणि निघालो. तीन दिवस फिरलो. प्रेमदासच्या घरी गेलो. त्याच्या मयुरीचं मी स्वतः यादीत वाचलं होतं.

“चिठ्ठी दाखव गा, प्रेमदास. फक्त पाहतो.”

“कायले? आमची चांगली आली. एकदम छान आली.”

“मग जुळवलं काऊन नाई?”

“पोरगा पसंत नाई पडला आमाले.”

“प्रेमदास, नाडी एक आली ना? सगळ्यांचीच आली. मशीन चुकली.”

त्यानं दार अर्धं लोटून घेतलं. “मोतीकाका, तुमच्या नातीचं मोडलं म्हणून सगळ्या गावाचं मोडलं म्हणता का? हे कंदिलाच्या माशासारखं नका करू.”

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. कोणी म्हणे हरवली, कोणी म्हणे चुलीत गेली, कोणी चहा पाजून कापसाचा विषय काढी. घराघरात तीच एक चिठ्ठी, आणि जो तो ती गादीखाली दाबून बसला होता. प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्याच पोरीच्या नशिबी आलं. सतरा घरं झाली. एकानंही घडी उघडली नाही.

शेवटी आम्ही आमच्याच जुन्या-नव्या दोन चिठ्ठ्या घेऊन जामला गेलो, मी आणि प्रेरणा. वर्ध्याला बस बदलली. दुकानासमोर ट्रक उभा होता आणि रोशन टायरमध्ये हवा भरत होता. आम्हाला पाहून त्यानं मशीन बंद केली. आनंदाबाई आतून आली. पाणी दिलं, बसायला दिलं. वागणुकीत काही कमी नव्हतं.

प्रेरणानं दोन्ही चिठ्ठ्या पुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डबे सांगितले, लग्नपत्रिकेची पहिली ओळ सांगितली. रोशन ऐकत होता, मान हलवत होता. त्याला समजत होतं, हे मला दिसत होतं.

आनंदाबाई म्हणाली, “म्हणजे मशीन रविवारी एक सांगते अन् आज एक.”

“रविवारी चुकली होती, काकू.”

“अन् दुरुस्त कोणं केली?”

“मी.”

“तूच नवरी, अन् तूच नाडी बदलून आणली.” हे ती रागानं नाही बोलली. “तू खोटं बोलते असं म्हणत नाई मी. पण दुधात माशी दिसली, बाई. कोणी काढून देली म्हणून ते दूध पोटात जाते का?”

“हवं तर गुरुजीले विचारा,” मी म्हटलं.

“विचारलं असतं. पण तळेगावच्या त्याईनंही विचारलंच असन ना.”

तेव्हा मी ते केलं जे आयुष्यात केलं नव्हतं. हात जोडले. म्हटलं, “आनंदाबाई, माझ्या नातीची शपथ. तळेगावचं जोडपं नव्हतंच. मे महिना होता, बस आली नव्हती, लग्नाची मंडळी बसलती अन् म्या टाइमपास म्हणून सांगितलं. भाकर माझी, तेरावा महिना माझा. विहीर तेवढी कोणाची ते ठाऊक नाई.”

ती माझ्याकडं दयेनं बघत राहिली. म्हणाली, “आबाजी, मी देवळीच्या बाजारात येतच होती. तुमच्या बाकड्यावरचा मासा म्या ऐकला आहे, कंदील ऐकला आहे. तुम्ही जन्मभर खोटं बोलले अन् आज नातीसाठी अजून एक बोलता. मी असती तर मीही बोलली असती. माया असते माणसाले.”

मी हात सोडले.

प्रेरणा रोशनकडं वळली. “तुमाले समजलं ना मी काय सांगितलं?”

“समजलं,” तो म्हणाला.

“मग?”

त्याच्या हातात टायरच्या व्हॉल्व्हची टोपी होती. ती तो बोटात फिरवत होता. “समजलं ना. चूक प्रोग्रामची आहे. पण उद्या मले साधा ताप आला तरी आई तुझ्याकडं बघन. रोज बघन.”

“अन् तुम्ही?”

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. रोशन उठला. “गाडी खोळंबली,” म्हणाला आणि टायरपाशी जाऊन बसला. टोपी लावायला त्याला बराच वेळ लागला.

परतीच्या बसमध्ये प्रेरणा खिडकीशी. बस सेलू मुरपाडच्या पुढं गेल्यावर म्हणाली, “आबा, ती गोष्ट सांगा. तळेगावची. मी कधी पूर्ण ऐकलीच नाई.”

“नको, बाई.”

“सांगा.”

मी सांगितली. हळू आवाजात, विहिरीशिवाय. ‘तुम्ही जेवा, मले पोचते’ तिथं ती हसली. खरंच हसली, लहानपणी हसायची तशी. मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. वर्धा येईपर्यंत. उतरताना म्हणाली, “चांगली आहे, आबा.” गोष्टीबद्दल एवढं वाईट मला आजवर कोणी बोललं नाही.

त्या मेळाव्यातून एकही लग्न जुळलं नाही. एकशे बेचाळीसपैकी एकही नाही. समितीच्या वार्षिक सभेत अण्णाजींनी याचाही हिशोब लावला. म्हणाले, “पूर्वी डोळे झाकून लग्नं लागत. या वर्षी मशीननं एवढी घरं एकनाडीपासून वाचवली.” प्रफुलला शाल आणि नारळ दिला. तो शाल घेताना मी पहिल्या रांगेत होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी उठून खरं सांगावं म्हणून काठी टेकवली, तसा मागून प्रेमदास म्हणाला, “बसा काका, मासा नंतर सांगजा.” सगळी सभा हसली. मी बसलो.

माझ्या गोष्टी त्या दिवसापासून बंद आहेत. लोकांना वाटतं, वय झालं.

परवा दुपारी पोस्टमन बाकड्यापाशी पत्रिका देऊन गेला. लाल, जाड कागदाची, जामची. शनिवार होता, प्रेरणा घरी होती. दुकानातून पाणी घेऊन आली तर माझ्या हातात ती.

“कोणाची?” तिनं विचारलं.

मी ती पुढं केली. तिनं पत्रिका घेतली, उघडली. तिचे डोळे वरच्या ओळीवर गेले आणि तिथंच थांबले. श्री गणेशाय नमः. खालची नावं अंगठ्याखाली होती. अंगठा तिनं हलवला नाही.

“पुढं वाचून दाखवू?” मी म्हटलं.

“नको, आबा,” ती म्हणाली. “एवढ्यावरून कोणाचं लग्न आहे ते समजत नाई.”

तिनं पत्रिका मिटली, बाकड्यावर ठेवली आणि माझ्या हातात पाण्याचा गडवा दिला. पुलगावची बस अजून आलेली नव्हती.